अर्धेलीची घोडी

माणसाचं नाव विचारायची चाचांना सवय नव्हती. ते आईचं नाव विचारायचे.

दुबईला, देऱ्याच्या धक्क्यावर मी गलबतातून उतरलो तेव्हा उलट्या करकरून माझ्यात उभं राहायचं त्राण नव्हतं. तांडेलानं मला दंडाला धरून चाचांच्या वखारीत नेलं आणि म्हणाला, "आपल्या बाजूचा आहे. कामाला ठेवा." चाचा तांदळाच्या पोत्यावर बसून खजूर निवडत होते. चांगले एका टोपलीत, किडके दुसरीत. चांगले घोड्यांसाठी होते आणि किडके आमच्यासाठी, हे मला नंतर कळलं.

"आईचं नाव काय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"हलिमा."

"तिच्या आईचं?"

"फातिमा."

"तिच्या आईचं?"

ते मला माहीत नव्हतं. चाचांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मग तुझी किंमत मी कशी करायची रे? बाप काय, कुणीही कुणाचंही नाव सांगतो. आईचं नाव सांगेल तो खरं सांगेल."

मला राग आला. मला राग लवकर येतो, आजही येतो, आणि त्यामुळे माझं जेवढं नुकसान झालं असं लोक समजतात तेवढं काही झालेलं नाही. पण त्या दिवशी पोटात अन्न नव्हतं, म्हणून गप्प बसलो. दुसऱ्या दिवसापासून मी त्या वखारीत "हलिमाचा" झालो. बंदरावरच्या प्रत्येकाला चाचा असंच ओळखायचे. खाडी ओलांडून देणारा नाववाला मरियमचा, पाणी आणणारा गाढववाला जमिलाचा. घोड्यांचं कूळ आईकडून मोजतात, माणसाचंही तसंच मोजावं, एवढा साधा त्यांचा हिशेब होता.

चाचा बाणकोट खाडीच्या बाजूचे, खोताच्या घरातले. त्यांच्या वडिलांनी अरबी घोडे गलबतात घालून मुंबईला पोचवायचा धंदा केला होता. पुढे पलटणी मोटारीवर गेल्या आणि तो धंदा बसला. भाऊबंद गावी परतले. चाचा मात्र दुबईला राहिले. वखारीत तांदूळ, चहा, कापड आणि काथ्या विकायचे आणि मागच्या बाजूला खजुरीच्या झापांच्या तबेल्यात घोड्या वाढवायचे. साठचं दशक नुकतं सुरू झालं होतं. या देशाला आजचं नाव मिळायचं होतं, व्यवहार रुपयांत व्हायचे आणि इंग्रजांचा साहेब खाडीकाठच्या कचेरीत बसायचा. घोडा पाळून पोट भरेल असं म्हणणारे बंदरावर एकटे चाचाच होते. तेही तसं म्हणायचे नाहीत. "तांदूळ विकतो ते घोड्यांना खाऊ घालायला," असं म्हणायचे.

कमरेला कोकणी लुंगी, वर काळा कोट, ऊन कितीही असलं तरी. घोड्यांना ते खजूर आणि सुकी तारली खाऊ घालायचे. तारली खाऊन घोडी अंगावर श्वास सोडायची तेव्हा मला गावच्या मासळीबाजाराची आठवण व्हायची. चाचा गिऱ्हाइकाशी इतक्या अदबीनं बोलायचे की समोरच्याला आपण नवाब असल्यासारखं वाटावं, आणि घोड्यांना मात्र अस्सल कोकणी शिव्या द्यायचे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "घोडी परत येणार आहे रे. गिऱ्हाइकाचा काय भरवसा?"

मोटारींचा त्यांना तिटकारा होता. शेजारच्या व्यापाऱ्यानं नवी लँड रोव्हर आणली आणि मुद्दाम चाचांच्या दारात उभी केली. चाचांनी तिला सावकाश एक फेरी घातली, मागे वाकून बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, "विते का ही?"

सौदा मात्र त्यांच्याकडून शिकावा. कुणाला "नाही" म्हणणं चाचांना जमत नसे, म्हणजे ते म्हणायचंच नाही असं त्यांनी ठरवलं होतं. बंदरावर आज ज्याला नाही म्हणाल, तो उद्या तुमच्याच मालावर बोली लावायला बसलेला असतो. म्हणून मोठं गिऱ्हाईक आलं की चाचा त्याला तबेल्यात नेत, चहा पाजत आणि म्हणत, "मी कोण सांगणारा? घोडीला विचारू." घोडी म्हणजे तांबडी. काळ्या आयाळीची, रुंद कपाळाची, साऱ्या तबेल्याची मालकीण. तांबडीनं कान मागे पाडले की सौदा मोडला. माणसं हसत, चाचाचं डोकं फिरलंय म्हणत, पण अपमान झाला असं कुणाला वाटत नसे. घोडीवर कोण रागावणार?

हे गौडबंगाल मला बऱ्याच दिवसांनी उमगलं. तांबडीला तपकिरीचा वास सहन व्हायचा नाही. चाचांना नकार द्यायचा असला की ते बोलता बोलता कोटाच्या खिशातून तपकिरीची डबी काढत. मी हे ओळखलं असं त्यांना सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "डोळे आहेत तुला. आता तोंड सांभाळ."

एकदा कचेरीतला साहेब संध्याकाळच्या रपेटीसाठी घोडी बघायला आला. बरोबर दुभाष्या. चाचांनी त्याला पोत्यावर बसवलं, चहा दिला आणि दुभाष्याला म्हणाले, "साहेबाच्या आईचं नाव विचार." दुभाष्याचा चेहरा पडला. पण साहेब मोकळा माणूस होता. त्यानं हसत आईचं नाव सांगितलं, आजीचं सांगितलं, पणजीचंही सांगितलं, आणि वर ती कुठल्या गावची होती तेही सांगितलं. चाचा एकदम खूश झाले. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, हलिमाच्या. याला येतं." तरीही डबी निघाली आणि तांबडीचे कान पडले. साहेब गेल्यावर मी विचारलं, "माणूस आवडला होता, मग दिली का नाही?"

"चांगला आहे. पण दोन वर्षांत बदली होईल त्याची. तिला कुणाच्या गळ्यात घालून जाईल तो?"

आता मुख्य गोष्टीकडे येतो, जिच्यामुळे माझा त्यांच्यावर राग आहे.

काही वर्षांत मी सौदा करायला शिकलो. पोत्यात हात घालून तांदूळ जुना की नवा ते सांगायला, वाळवंटातल्या बदूंशी त्यांच्या भाषेत भाव करायला, आणि भाव तुटत आला की उठून चालू लागायला. चार पैसे गाठीला बांधले. मला स्वतःचा धंदा हवा होता, आणि त्याआधी तांबडी हवी होती. हा काही शौक नव्हता. तिची शिंगरं वाळवंटातले लोक नाव सांगून मागायचे, आणि ज्याच्या दारात अशी घोडी असेल त्याला देऱ्यात कुठंही बसायला चटई मिळायची. मला चटई कुणी देत नव्हतं. मी चाचांचा माणूस होतो, माझा मी कुणी नव्हतो.

एका सकाळी तबेल्यात जाऊन तांबडीचं दावं हातात घेतलं आणि म्हटलं, "चाचा, ही मला द्या. किंमत बोला."

माझी नजर त्यांच्या खिशावर होती. डबी निघाली नाही. माल घ्यायला आलेले दोन बदू आणि आमचा तांडेल शेजारीच उभे होते. चाचा शांतपणे म्हणाले, "पुरी नाही देणार. अर्धेलीनं देईन. लगाम तुझा, पोट माझं."

कोकणाबाहेरच्या वाचकाला हा शब्द नुसता कानावरून जाईल, म्हणून सांगतो. आमच्याकडे खोताची जमीन कूळ कसायचं आणि निम्मं भात खोताच्या घरी घालायचं. ते निम्मं म्हणजे अर्धेल. पण निम्मं कशाचं, हे कूळ ठरवत नसे. उभ्या पिकाचा अंदाज खोताचा माणूस बांधावरून बांधायचा, आणि तो सांगेल ते खरं. माझा आजा हात जोडून सांगायचा की इतकं पिकलेलं नाही. त्याचा शब्द कुणी धरायचं नाही. तो खोताच्या अंगणात उभा असायचा आणि ओटीवरची माणसं त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायची. हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि हा खोताचा मुलगा, समुद्रापलीकडे, चारचौघांत मला म्हणतो, अर्धेल.

मी दावं त्यांच्या पायाशी फेकलं. म्हटलं, "कूळच व्हायचं असतं तर गावातच झालो असतो, चाचा. तिथं निदान पाऊस पडतो. आजा तुमच्यासारख्यांच्या अंगणात उभा राहून मेला. मी नाही उभा राहणार." आणखीही बरंच बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. तांडेल मला आवरायला पुढे झाला, त्यालाही ढकललं.

चाचांनी वाकून दावं उचललं, झटकलं आणि म्हणाले, "जाताना झाप ओढून घे. माश्या येतात."

मी काम सोडलं. खाडीच्या पलीकडे, बर दुबईला, एका घाऊक इराणी व्यापाऱ्याकडे गेलो. लहानसं दुकान मी बघून ठेवलं होतं, पण त्यात भरायला माल उधारीवर लागणार होता. त्याआधी दोघांनी मला दारातूनच परत पाठवलं होतं. दोघांचा प्रश्न एकच होता, तुझ्या मागे कोण?

इराण्यानंही तोच विचारायला तोंड उघडलं आणि मध्येच थांबला. "तुम वो घोड़ीवाले बुढ्ढे का आदमी है ना? जिसको उसने तांबडी में हिस्सा दिया?"

बदूंनी गोष्ट बाजारभर केली होती. अर्धीच केली होती. मी गेल्यावर चाचांनी त्यांना अरबीत सांगितलं ते देणं तेवढं त्यांना कळलं होतं. आमचं भांडण आमच्या भाषेत झाल्यामुळे माझं नाकारणं त्यांना समजलंच नव्हतं.

"बैठो, बैठो," इराणी म्हणाला आणि शेजारची चटई त्यानं स्वतः झटकली. "अपने भांजे को नहीं दिया उसने. तीन साल भांजा पीछे लगा था."

मग त्यानंच मला समजावलं. घोडी अर्धी देण्याची वाळवंटातली रीत जुनी आहे. घेणाऱ्यानं घोडी न्यायची, बसायचं, वाढवायची. नर झाले तर घेणाऱ्याचे. पहिल्या दोन माद्या तेवढ्या देणाऱ्याला परत करायच्या, आणि मग घोडी पुरी त्याची. तोवर ती कुणालाही परस्पर विकता येत नाही. घोडी आजारी पडली तर दोघांनी धावायचं, आणि दोघांपैकी एकावर काही आलं तर दुसऱ्यानं उभं राहायचं. इराणी म्हणाला, "नौकर को कोई घोड़ी में हिस्सा नहीं देता. उसको देता है जिसके घर बेटी दे सके."

धंद्यात खोटं बोलू नये, पण समोरच्याचा गैरसमज दूर करायची घाईही करू नये. चहा घेतला, कापडाचे आणि चहाचे भाव विचारले, माल कधी उचलू ते ठरवलं आणि नाव पकडून सरळ परत आलो. इराण्याचा गैरसमज खरा करणं भाग होतं.

चाचा तांबडीचे पाय धूत होते. मी आलेला त्यांना दिसला, पण त्यांनी पाणी ओतणं थांबवलं नाही.

"पोट म्हणजे किती?" मी विचारलं.

"पहिल्या दोन माद्या."

"एक."

"रीत दोनची आहे."

"रीत बदूंची आहे. तुम्ही बदू नाही, मीही नाही. वळूचं काय?"

"माझा लागेल. फुकट."

"चारा?"

"घोडी तुझ्या दारात, चारा तुझा."

"मग एक."

घासाघीस बरेच दिवस चालली. मी उठून जायचो, ते हाक मारायचे नाहीत, मी पुन्हा यायचो. मध्ये मी निम्म्या चाऱ्याचा विषय काढून सोडून दिला, तेव्हा ते एकवर आले. हात मिळवताना म्हणाले, "एकवर दिली हे बाजारात सांगू नकोस. लाज वाटेल मला."

तांबडी माझ्या दारात आली. देऱ्यातली माणसं मला नावानं हाक मारू लागली. माल मिळाला, दुकान चाललं, पुढे दुकानाची दोन झाली. आज माझा नातू जुमेरा लेक टॉवर्समध्ये काचेच्या खोलीत बसून जो धंदा बघतो, त्याची सुरुवात ही. त्याला मी हे सांगतो तेव्हा तो म्हणतो, "दादा, हाऊ डू यू ओन हाफ अ हॉर्स?" मी त्याला सांगतो, हबीबी, तुझ्या ऑफिसातल्या सगळ्या पार्टनरांपेक्षा ते अर्धं घोडं जास्त भरवशाचं होतं.

आणि तांबडीनं नर दिला. पुढच्या खेपेला पुन्हा नर. त्यानंतर पुन्हा नर. माझी चांदी झाली. वाळवंटातल्या अल ऐनकडचे लोक शिंगरू उभं राहायच्या आधी सांगून ठेवायचे. दर वेळी चाचा काठी टेकत यायचे, शेपूट उचलून बघायचे आणि म्हणायचे, "आणखी एक दाढीवाला." तांबडीला एक सणसणीत शिवी द्यायचे, चहा घ्यायचे आणि परत जायचे. त्यांना त्या सौद्यातून वर्षानुवर्षं केसभर काही मिळालं नाही. पण एकदा कापडाची गलबतभर खेप भिजून माझं दिवाळं वाजायची वेळ आली, तेव्हा इराण्याच्या दुकानात जाऊन माझ्या वतीनं बसले ते चाचाच. काही बोलले नाहीत म्हणे. नुसते चटईवर बसून राहिले.

अशाच एका चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं, "चाचा, त्या रीतीला अरबीत शब्द आहे. तुम्हाला येतो. त्या दिवशी अर्धेल का म्हणालात?"

"मुद्दाम."

"मुद्दाम?"

"अरबीत बोललो असतो तर तू लगेच हो म्हणाला असतास. मला बघायचं होतं, तुझं दुखणं कुठं आहे. एक शब्द टाकला आणि तू सगळं उघडं करून दाखवलंस. बाजारात असं दाखवशील तर कातडं सोलतील तुझं."

शिकवण चांगली होती. तिनं मला पुढे कितीतरी वेळा वाचवलं. कुणी कुठलाही शब्द टाको, मी चेहरा हलू दिला नाही. पण एवढं शिकवायला माझ्या आजाला चारचौघांत आणायचं कारण नव्हतं. हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं. ते म्हणाले, "दुसऱ्या कशानं तू चिडला नसतास." हेही खरं होतं, आणि म्हणूनच माझा राग गेला नाही. आजही गेलेला नाही.

दशक संपत आलं तेव्हा चाचांनी अंथरूण धरलं. त्याच हिवाळ्यात, एका पहाटे, तांबडीला मादी झाली. आईसारखीच काळ्या आयाळीची. मी चाचांना सांगायला गेलो. त्यांना चालवत नव्हतं, म्हणून माझ्या गाडीत मागे गादी घालून आणलं. मोटारीबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. त्यांना शिंगराजवळ टेकवून बसवलं. त्यांनी शेपूट उचलून बघितलं, मग तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"खलास," ते म्हणाले. "तांबडी तुझी. पुरी तुझी. आता तुझं माझं काही लागत नाही."

रीतच तशी होती. ते रीत सांगत होते. पुरी घोडी मिळावी म्हणून मी एकदा जिवाचा आटापिटा केला होता, आणि आता ती मिळाल्यावर मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"चाचा, ही पोर मला द्या."

"किंमत बोल."

"पुरी नको."

त्यांनी डोळे बारीक केले. "मग कशी? अर्धेलीनं?"

मी मान हलवली. तो शब्द मी माझ्या तोंडून काढला नाही. तेवढा मान मी आजाचा राखला.

"पोट?" चाचांनी विचारलं.

"तुमचं. एक मादी."

"दोन."

"मागच्या वेळी एक ठरली होती."

"मागच्या वेळी मी धडधाकट होतो, मला फसवून घ्यायला परवडत होतं."

"तुम्हाला एकसुद्धा बघायला मिळायची नाही, चाचा." असं बोलायला नको होतं, पण सौद्यात मी असाच बोलतो आणि ते त्यांनीच शिकवलेलं होतं.

ते हसले, खोकला लागेपर्यंत. "बघायला मिळणार नाही म्हणूनच दोन. मी नसलो तर माझ्या मुलीला द्यायच्या."

त्यांची मुलगी कोकणात होती. तिनं टांग्याच्या घोड्यापलीकडे घोडा पाहिलेला नव्हता. वखार लवकरच भाचा चालवणार होता, आणि तो काही तिच्यासाठी माझ्याकडे वाटा मागायला येणार नव्हता. मी म्हटलं, "साक्षीला कुणाला बोलावू? इराण्याला?"

"कशाला? तू आहेस की."

"मी घेणारा आहे, चाचा."

चाचांचा एक हात शिंगराच्या मानेवर होता. "आमच्या ओटीवर कुळाचा शब्द कधी कुणी धरला नाही," ते म्हणाले. "मी धरतो."

मी हात पुढे केला आणि सौदा दोनवर ठरला. चाचा ती थंडी काढू शकले नाहीत. दोन्ही माद्या वेळ आली तशा मी त्यांच्या मुलीच्या नावानं वाढवल्या आणि त्यांचे पैसे तिला पोचते केले. तिनं कधी मोजून पाहिलं नाही. पण अजूनही मला वाटतं, म्हातारा ते वाक्य बोलला नसता आणि मी थोडं ताणून धरलं असतं, तर एकवर आला असता.